हाकेचं घर

सायकलवाले दिवस मावळायच्या आत पोचतील असा प्रिस्किलाचा निरोप आला, तेव्हा विनोदने अंगणात उभं राहूनच फैसला दिला. पाहुण्यांना चहा द्या, पोटभर जेवू घाला. गावितांच्या दारातून आजवर कोणी उपाशी गेलेलं नाही. पण छाती, हृदय, आजार यातला एक शब्दही या अंगणात निघता कामा नये. आणि छाती तपासायचं ते तारांचं यंत्र त्यांच्या टेम्पोतून खाली उतरवायचं नाही. येत्या रविवारी खापरहून विनोदच्या होणाऱ्या जावयाच्या, पवनच्या, घरचे लग्नाची तारीख धरायला येणार होते, आणि पाड्याजवळच्या खांडबाऱ्याहून खापरला बातमी पोचायला मोटारसायकलसुद्धा लागत नाही.

हे सगळं तो हळूच बोलला. त्या घरात सगळेच हळू बोलत. रागसुद्धा हळूच.

सुसानाने नागलीचं पीठ मळता मळता मान हलवली. दिराचं म्हणणं तिला पटलं होतं. प्रिस्किला तिची स्वतःची मुलगी, आता उरलेली एकुलती. सुरतेच्या दवाखान्यातली नोकरी महिनाभर बाजूला ठेवून ती दहा-बारा जणांबरोबर सुरत ते नागपूर सायकल मारत निघाली होती. हृदयाचा एक दोष असा असतो, की तो रक्तातून खाली उतरतो, आईबापाकडून लेकरांकडे. वरून धडधाकट दिसणारं माणूस उभ्या उभ्या जातं, आणि छातीला तारा लावून पाहिलं तर तो आधी कळतो. हे लोकांना सांगायचं, जमेल तिथे तपासायचं, गरिबांच्या तपासणीसाठी मदत गोळा करायची. वाटेतल्या गावांत ती घरचीच गोष्ट सांगे. तेच सुसानाला खुपत होतं. आपली मेलेली माणसं अशी रस्त्यावर मांडायची का?

तशी ती गोष्ट पाड्यावर कोणाला नवी नव्हती. सुसानाचे सासरे होळ्याबाबा, त्यांचा धाकटा भाऊ जंगलात लाकडाच्या ट्रकाशेजारी उभा होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला, आणि तो खाली बसला तो उठलाच नाही. सुसानाचा नवरा ईश्वर खांडबाऱ्याच्या स्टेशनात गाडीची वाट पाहत होता. न थांबणारी एक गाडी शिट्टी फुंकत गेली. तिचं वारं ओसरलं तेव्हा ईश्वर फलाटावर पडलेला होता, डोळे उघडे. आणि आशा, थोरली लेक, नाशिकला नर्सिंग शिकत होती. पहाटेचा गजर वाजला. खोलीतल्या मैत्रिणीने तो बंद केला आणि आशाला हलवलं.

पण लोक त्या घराला हाकेचं घर म्हणत ते निराळ्या कारणाने. जायच्या आधी काही दिवस तिघांनाही मागून कोणीतरी नावाने हाक मारत होतं. ईश्वर सुसानाच्या देखत तुरीच्या रानात थांबला होता, मान वळवून. मागे कापलेलं रान होतं, दुसरं काही नाही. कोण, असं तिने विचारलं तर तो म्हणाला, "चुलता." आणि आशा शेवटच्या आठवड्यात फोनवर हसत म्हणाली होती, की होस्टेलच्या जिन्यात बाबांनी हाक मारल्यासारखं वाटतं गं. प्रत्येकाला आधी गेलेला बोलावत होता.

म्हणून घराची रीत पडली. मागून हाक मारायची नाही. बोलायचं तर समोर जाऊन. झोपलेल्याला पायाचा अंगठा धरून उठवायचं. शेळ्यांच्या गळ्यात घुंगरू बांधायचं नाही. नवापूर तालुक्यात घरोघरी कोंबड्या, पण गावितांच्या अंगणात कोंबडा नव्हता. रविवारी चर्चची घंटा वाजून थांबली की मगच ते घरातून निघत. पाळकांनी दोन-तीनदा समजावलं, की प्रभूवर भरवसा ठेवणाऱ्याने असल्या गोष्टी मनात आणू नयेत. होळ्याबाबांनी मान डोलावली आणि रीत तशीच ठेवली. आणि हाक आलीच, तर ओ द्यायची नाही.

दुपारी सुसाना आणि गायत्री भांडी घेऊन नाल्यावर गेल्या. गायत्री ही विनोदची मुलगी, बाविशीची, हसरी. लग्न ठरल्यापासून तर उगाचच हसायची. त्या दिवशी मात्र ती मुकाट्याने राखेने पातेली घासत होती. मोहाची फुलं गळायचे दिवस होते. ऊन असं पडलं होतं की झाडांच्या सावल्याही आखडून बुंध्याशी बसल्या होत्या, आणि पाण्याचा आवाज सोडला तर रानात काही हलत नव्हतं.

"मोठी आई," गायत्री म्हणाली, "आशाताई गेली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता का गं?"

सुसानाचा हात थांबला. आशाला त्या आठवड्यात सर्दी होती. फोनवर तिचा आवाज घोगरा येत होता, आणि सुसानाने तिला हळद घालून दूध घे म्हणून सांगितलं होतं. हे बोलणं फक्त त्या दोघींत झालं होतं.

"का विचारतेस?"

"बसलेल्या आवाजात हाक मारते ती. होळीपासून. आधी वाटलं भास असेल. आता रोज येते. इथे पाण्याजवळ जास्त." गायत्रीने मान खाली ठेवूनच सांगितलं. "मला भीती वाटत नाही, तेच मला बरं वाटत नाही. आवाज ऐकला की वाटतं, जाऊन यावं."

"ओ दिलीस?"

"नाही. अजून नाही."

त्या 'अजून'ने सुसानाच्या अंगावर उन्हातसुद्धा काटा आला. आईला सांगितलंस का, असं तिने विचारलं. गायत्री म्हणाली की आई बाबांना सांगेल, आणि बाबा म्हणतील रविवार होऊन जाऊ दे. सुसानाने तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, स्वतः खळबळलं, आणि येताना तिला पुढे चालायला लावलं. स्वतः मागे राहिली. पायवाटेवर चालताना तिचा एक कान सतत पाठीमागे होता. काहीच ऐकू आलं नाही. पण आपल्या मागे आणखी कोणीतरी चालतंय, आणि ते आपल्याला ओलांडून पुढे पाहतंय, असं तिला नाल्यापासून अंगणापर्यंत वाटत राहिलं.

भाकरी थापताना तिने मनाशी ठरवलं. प्रिस्किला आली की तिला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. विनोदचा शब्द मोडला तर मोडू दे.

ते सांगायला वेळच मिळाला नाही.

खांडबाऱ्यात रूपचंदचं सायकलचं दुकान होतं. प्रिस्किलाची शाळेतली पहिली सायकल त्याच्याच दुकानातली, आणि तिचा त्याला भारी अभिमान. स्वागताला ढोल नको, हे प्रिस्किलाने त्याला बजावून सांगितलं होतं, म्हणून त्याने ढोल आणला नाही. पण पोरगी एवढी मजल मारून येते आणि गावाने गप्प बसायचं, हे काही त्याला सोसवलं नाही. त्याने पाड्याच्या वळणावर, अंगणापासून दूर म्हणून, सुतळी बॉम्ब लावून ठेवले होते.

सायकली वळणावर दिसल्या. सगळ्यात पुढे प्रिस्किला, धुळीने केस पांढरे झालेले. मागे बाकीचे, आणि शेवटी सामानाचा टेम्पो. गायत्री पाण्याच्या ग्लासांचं ताट घेऊन अंगणाच्या कडेला उभी होती. तेवढ्यात बॉम्ब फुटले, एकामागोमाग एक.

सगळे दचकले. मोहावरची पाखरं उडाली. सुसाना गायत्रीकडेच पाहत होती, म्हणून तिला जे दिसलं ते दुसऱ्या कोणाला दिसलं नाही. गायत्रीने आवाजाकडे पाहिलंच नाही. तिने मान उलट बाजूला वळवली, मागे, रिकाम्या भातखाचराकडे. ओळखीचं माणूस दिसावं तसे तिचे ओठ किंचित हलले. मग ताट पडलं, आणि तीही.

पुढचं सगळं फार भरभर झालं. प्रिस्किलाने सायकल तशीच सोडून दिली आणि धावत येऊन गायत्रीच्या छातीवर दोन्ही हात दाबायला लागली. सायकलवाल्यांत शहाद्याचे डॉक्टर भाग्येश पाटील होते. त्यांनी टेम्पोतून एक लहानशी पेटी आणली, गायत्रीचं पोलकं फाडलं आणि दोन पट्ट्या चिकटवल्या. पेटीतून एक बाई बोलू लागली. इंग्रजीत, एका सुरात, खूप मोठ्याने. त्या अंगणात इतक्या मोठ्याने कोणी कधी बोललं नव्हतं. सुसानाला एक शब्द कळला नाही. तिला एवढंच वाटलं की ही दुसरीच कोणीतरी आली आहे आणि ती हाक मारणारीशी भांडते आहे. डॉक्टरांनी सगळ्यांना मागे सारलं. पेटीने विजेचा झटका दिला, गायत्रीचं अंग एकदा उसळलं. प्रिस्किला पुन्हा दाबू लागली, तोंडाने आकडे मोजत, आणि मग गायत्री खोकली.

रमिलाने, तिच्या आईने, तिचं डोकं मांडीवर घेतलं. गायत्रीचे डोळे फिरत फिरत सुसानावर येऊन थांबले.

"मी ओ दिली नाही," ती म्हणाली.

ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण पोचायला वेळ होता. डॉक्टर तिला हलवू देत नव्हते. त्यांनी आता तारांचं यंत्र उतरवलं, आणि विनोदने ते पाहिलं.

त्याचा सगळा राग प्रिस्किलावर फुटला. तूच हे दारात आणलंस, तो म्हणाला. तुझ्या बापाला गावोगाव मांडलंस, बहिणीला मांडलंस, तेवढ्याने भागलं नाही. बापाच्या जागी असलेल्या काकाकडे प्रिस्किला लहान पोरीसारखी बघत होती. वळणावरून धावत आलेला रूपचंद अंगणाच्या तोंडाशी उभा राहून पुन्हा पुन्हा सांगत होता, "मी ते दूर लायेल व्हतं, ताई. मन्हा मनमा काहीच नव्हतं." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"तिच्यावर राग काढू नकोस," सुसाना दिराला म्हणाली. "गायत्री होळीपासून हाक ऐकतेय. आशाची. मला आज सांगितलं तिने."

विनोद तिच्याकडे पाहतच राहिला. "आणि तुम्ही मला सांगितलं नाही, वहिनी?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

उत्तर दिलं रमिलाने, लेकीच्या केसांवरून हात फिरवत, वर न बघता. "रविवारपर्यंत थांब म्हणाले असते," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "लावा तारा. मी तिची आई आहे, मी सांगते."

कागदाची पट्टी यंत्रातून सरसरत आली. डॉक्टरांनी ती उन्हाकडे धरून पाहिली आणि समजेल असं सांगितलं. एक ठोका पडल्यावर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला थोडा वेळ घेतं. हिचं जरा जास्तच घेतं. त्या वेळात अचानक मोठा आवाज झाला, हॉर्न, शिट्टी, गजर, तर ठोक्यांचा ताल तुटतो आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. आवाजाने घात होणारा हा प्रकार डॉक्टरी पुस्तकांत आहे. तुमच्या घराने कोंबडा ठेवला नाही, घुंगरू बांधलं नाही, त्यामुळे किती जीव वाचले असतील सांगता येत नाही.

"आणि हाक?" सुसानाने विचारलं.

चक्कर येण्याआधी कानात आवाज येतात काहींना, डॉक्टर म्हणाले. पण ज्या तऱ्हेने त्यांनी पट्टीची घडी घातली, त्यावरून त्यांना स्वतःला ते पुरेसं वाटलं नसावं.

होळ्याबाबा आतापर्यंत ओट्यावर बसून होते. ते काठी न घेता उठले, खाटेवर येऊन आडवे झाले आणि स्वतःच्या हाताने सदरा वर केला.

"मला पण येते," ते म्हणाले. "भाऊ गेला तेव्हापासून. इतकी वर्षं बोलावतोय तो. मी वळलो नाही, ओ दिली नाही. मी दिली नाही म्हणून तो ईश्वरकडे गेला. मग तिथून पोरीकडे. मी ती हाक घेतली असती, तर ती माझ्यापाशीच थांबली असती." त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "बघा आहे का माझ्यात."

त्यांच्यात होतं. पट्टी तशीच होती, नातीसारखी. एवढं आयुष्य कसं निभावलं हे देवाला ठाऊक. डॉक्टर खाटेशी उकिडवे बसले आणि त्यांनी अहिराणीत, म्हाताऱ्याचा हात हातात धरून समजावलं, की हे न वळल्याने खाली गेलेलं नाही, जन्म दिल्याने गेलंय, आणि जन्म देण्यात कसला आलाय दोष. होळ्याबाबांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते कळलं नाही. ते खाटेवरून उठले नाहीत, आणि त्यांचे डोळे खाचराच्या बाजूला लागलेले होते.

नंदुरबारच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी गायत्री उठून बसली, पेज प्यायली. तिला पुढे सुरतेला न्यायचं ठरलं. आईबापाचीही तपासणी लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा रमिलाची पट्टी साफ निघाली. विनोदची निघाली नाही. मुलीला हे तुमच्याकडून आलंय, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी सहज, उंची किंवा नाक बापाकडून आलं म्हणावं तसं. विनोद शर्टाची बटणं लावत बाहेर आला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

सुसाना त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याला दोष द्यावा असं तिच्या मनात काही नव्हतं. तिने एवढंच विचारलं, की तुलाही हाक येते का. विनोद बाकावर मागे सरकला, पाठ भिंतीला टेकवली आणि तशीच दाबून धरली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की गेली कित्येक वर्षं हा माणूस भिंतीला पाठ लावल्याशिवाय कुठे बसलेलाच नाही. चर्चमध्ये, पंचायतीत, स्वतःच्या घरात जेवताना.

"रविवारचं मी खापरला कळवतो," थोड्या वेळाने तो म्हणाला. "खरं ते कळवतो."

प्रिस्किलाला पुढे जायचं नव्हतं. सोबतचे विसरवाडीला थांबले होते, पण ती सायकल परत पाठवा म्हणत होती. गायत्रीनेच तिला हट्टाने जायला लावलं. निघण्याआधी माय-लेकी दवाखान्याच्या आवारात, निंबाखाली उभ्या राहिल्या. प्रिस्किलाची तपासणी मागेच झाली होती. तिच्यात काही नव्हतं. आईच्या बाजूचं रक्त घेऊन आली होती ती.

सुसानाने तिला जपून जा म्हणून सांगितलं. एवढं केलंस, आता तुला कशाची भीती नाही, असंही म्हणाली.

"आई, तुला काय वाटतं, मी सायकल का चालवते?" प्रिस्किला म्हणाली. "लोकांना सांगते ते खरंच आहे. पण सुनसान रस्ता लागला की मी बाकीच्यांना पुढे जाऊ देते. मागे राहते. कान मागे ठेवून चालवते. बाबांना आली, ताईला आली, आता गायत्रीला. मला एकदाही नाही. मी ताईची सख्खी बहीण ना? मला का नाही बोलावत ती?"

इतके दिवस सुसानाला वाटत होतं की पोरगी त्या हाकेपासून दूर पळते आहे. तिने प्रिस्किलाला छातीशी धरलं, घट्ट, आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. तुला बोलावू नये म्हणूनच मी रोज गुडघे टेकते, हे तिने मनातच म्हटलं. मग प्रिस्किला गेली. एप्रिलच्या उन्हात ती नागपूरला पोचली, आणि तिथून तिचा फोटो आला; ओठ उललेले, डोळे खोल गेलेले, गळ्यात हार.

खापरच्या लोकांनी थोडं थांबू म्हणून कळवलं. थांबू म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. पण पवन आला. एकटाच, घरी न सांगता. वळणावरच त्याने मोटारसायकल बंद केली आणि चढावर ढकलत अंगणात आणली. रमिला चुलीसमोर बसून रडली. विनोदने त्याला भिंतीकडची, आपली जागा बसायला दिली.

सुरतेहून गायत्रीला रोजच्या गोळ्या लागल्या. सकाळी आणि दिवेलागणीला. विनोदलाही त्याच. छातीत एक यंत्र बसवायचं की नाही ते पुढे ठरणार होतं. होळ्याबाबांनी गोळी घ्यायला साफ नकार दिला. ते रोज संध्याकाळी खाचराच्या बांधावर जाऊन बसत, पाठमोरे, आणि त्यांना आणायला कोणीतरी वळसा घालून समोरून जाई.

जूनच्या तोंडाला, एका संध्याकाळी, गायत्री अंगणातल्या खाटेवर बसली होती. रंग परत आला होता तिच्या तोंडावर. सुसाना तुरीची डाळ पाखडत होती. वारा पडलेला होता.

"मोठी आई, एक सांगू?" गायत्री म्हणाली. "गोळ्या सुरू झाल्यापासून येत नाही ती. मुद्दाम नाल्यावर जाऊन बसले मी. नाहीच."

सुसाना म्हणाली की बरं झालं. तिने सूप एकदा, दोनदा हलवलं.

"शेवटी शेवटी फार लांबून यायची हाक," गायत्री म्हणाली. "नुसतं नावच कळायचं. मग तेही नाही."

सुसानाचं सूप थांबलं. खाचर आता काळं पडत चाललं होतं. आशाचे कपडे तिने पाळकांकडे देऊन टाकले होते. फोनमध्ये तिचे फोटो होते, पण आवाज कुठे जपलेला नव्हता. तो जगात एकाच ठिकाणी उरला होता, घोगरा, सर्दीने भरलेला, या पोरीच्या कानामागे. आणि आता तिथेही नव्हता.

ती उठली. घरात जाऊन तिने देवळीतलं गोळ्यांचं पाकीट काढलं, माठातून तांब्या भरला, आणि बाहेर येऊन गायत्रीसमोर उभी राहिली. गोळी तिच्या तळहातावर होती. तो हात तिने क्षणभर मिटून धरला.

मग उघडला.

"घे," ती म्हणाली. "वेळ झाली."